एकाच मॉडेलच्या दोन ग्रेको: जुन्या जपानी गिटारच्या खरेदीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

खरेदीदार मूळचा पुण्याचा, नोकरीमुळे टोकियोत राहणारा सॉफ्टवेअर अभियंता. कॉलेजपासून गिटार वाजवणारा. सुट्टीच्या दिवशी तासावर भाड्याने मिळणाऱ्या स्टुडिओत मित्रांबरोबर ब्लूज आणि सत्तरच्या दशकातलं रॉक वाजवायचा. २०२३ साली त्याला लेस पॉल (गिब्सन या अमेरिकी कंपनीचं प्रसिद्ध मॉडेल) घडणीची जुनी जपानी गिटार घ्यायची होती. बजेट दीड लाख येन, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण ८५ ते ९० हजार रुपये. पुढच्या वर्षी पुण्याला परतायचं ठरलं होतं, त्यामुळे गिटार तिथे नेता यायला हवी आणि तिथल्या हवेत टिकायलाही हवी, ही दुसरी अट.

निवड ग्रेकोवर येऊन थांबली, आणि ती योग्यच होती. नागानो प्रांतातल्या मात्सुमोतो शहरात १९६० साली फुजिगेन हा कारखाना सुरू झाला. ग्रेको हे नाव कान्दा शोकाई या व्यापारी पेढीचं, तर आयबानेझ हे नाव नागोयाच्या होशिनो पेढीचं. सत्तरच्या दशकात दोघींच्या बहुतेक गिटार फुजिगेनमध्येच बनत. त्याच शहरात मात्सुमोकू हा दुसरा कारखाना होता. तो आधी शिलाई मशीनची लाकडी कॅबिनेट बनवायचा आणि पुढे आरिया, एपिफोन यांच्या गिटार बनवू लागला. जुन्या जपानी गिटारच्या आकर्षणाचं मूळ इथे आहे. लाकूड वाळवणं, सांधे बसवणं आणि फिनिश देणं यात मुरलेले हात एका शहरात एकत्र होते, आणि दहा वर्षांत त्यांनी अमेरिकी गिटारची आपली नक्कल इतकी सुधारली की मूळ अमेरिकी कंपन्यांना तिची दखल घ्यावी लागली. दशकाच्या सुरुवातीच्या लेस पॉल नकलांमध्ये नेक (तारांखालचा लांब दांडा) चार स्क्रूंनी बसवलेला असे आणि वरच्या फुगीर फळीखाली पोकळी असे. दशक संपता संपता चांगल्या मॉडेलमध्ये भरीव बॉडी आणि चिकटवलेला नेक आला. म्हणून ‘सत्तरच्या दशकातली जपानी’ एवढ्या वर्णनावर पैसे मोजू नयेत. १९७२ची आणि १९७८ची गिटार या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

ग्रेकोच्या बाबतीत मॉडेलचा आकडा खरेदीदाराला खूप काही सांगून जातो. तो त्या वेळची किंमत सांगतो: ईजी-५०० म्हणजे ५०,००० येन, ईजी-७०० म्हणजे ७०,००० येन. कोणत्या गिटारला कसं लाकूड आणि किती मेहनत द्यायची, हे कारखान्याने स्वतःच त्या आकड्यात सांगून ठेवलं आहे. या खरेदीदाराने ईजी-७०० शोधायचं ठरवलं. ग्रेको मुख्यतः जपानमध्येच विकली गेली, त्यामुळे टोकियोत राहणाऱ्या माणसाला निवडीला भरपूर वाव होता. मात्र येन घसरलेला असल्यामुळे परदेशी गिऱ्हाईकही वाढलं होतं आणि भाव चढे होते.

अडचण

दोन गिटार समोर आल्या. दोन्ही ईजी-७००, दोन्ही सनबर्स्ट, म्हणजे मध्ये फिकट आणि कडेला गडद रंगाच्या.

पहिली ओचानोमिझुच्या वाद्यांच्या गल्लीतल्या एका दुकानात होती. किंमत १,४८,००० येन. खुंट्या बदललेल्या, बाकी सगळं मूळचं. फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) घासून सपाट केलेले, उंची ०.९५ मि.मी.च्या आसपास. दुकानाची तीन महिन्यांची हमी.

दुसरी सायतामा प्रांतातल्या एका खासगी विक्रेत्याकडे, किंमत ९५,००० येन. जाहिरातीत ‘१९७५चं लॉसूट मॉडेल, दुर्मीळ’ असं लिहिलेलं, पाच फोटो, तेही अंधुक.

‘लॉसूट’, म्हणजे कोर्टातला दावा, या बिरुदाने आजवर अनेकांचे पैसे घालवले आहेत, म्हणून त्याविषयी थोडं सविस्तर. गिब्सनची मालक कंपनी नॉर्लिन हिने १९७७ साली फिलाडेल्फियाच्या संघीय न्यायालयात दावा लावला. तो होता एल्गर या आयबानेझच्या अमेरिकी वितरकावर, आणि वाद होता हेडस्टॉकच्या, म्हणजे नेकच्या टोकाला खुंट्या बसवलेल्या भागाच्या, आकाराचा. १९७८ साली तो कोर्टाबाहेर मिटला. आयबानेझने तो आकार दावा लागण्याआधीच बदलायला घेतला होता. ग्रेकोचा या दाव्याशी संबंध आला नाही, आणि ग्रेकोच्या हेडस्टॉकवर तोच आकार पुढे ऐंशीच्या दशकातही दिसतो. त्यामुळे ग्रेकोला ‘लॉसूट मॉडेल’ म्हणणं मुळातच चुकीचं आहे. दावा झाला म्हणून गिटार चांगली वाजते असंही नाही. त्या बिरुदासाठी एक येनही जास्त देऊ नये.

सालाचा दावाही तपासण्यासारखा होता. त्या काळातल्या फुजिगेनच्या अनुक्रमांकात पहिलं अक्षर महिन्याचं असतं, ए म्हणजे जानेवारी ते एल म्हणजे डिसेंबर, आणि पुढचे दोन अंक सालाचे. विक्रेत्याकडून हेडस्टॉकच्या मागचा फोटो मागवला तर क्रमांक ‘डी७८’ने सुरू होत होता, म्हणजे एप्रिल १९७८. गंमत म्हणजे ही माहिती गिटारच्या बाजूने होती. १९७५पेक्षा १९७८ची ईजी-७०० घडणीला सरस.

विचारात घेतलेले पर्याय

नवी जपानी सेट नेक (चिकटवलेल्या नेकची) गिटार बजेटबाहेर होती. स्वस्तातली कोरियन किंवा चिनी बनावटीची त्याला नको होती. उरल्या या दोन ग्रेको, त्यांच्या भावात ५३,००० येनांचा फरक.

खरेदीदाराचा हिशेब असा: ५३ हजारांत सेटअप, किरकोळ दुरुस्ती, लागलं तर पिकअपसुद्धा (तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) होईल, वर पैसे उरतील. वरवर बिनचूक वाटणारा हा हिशेब एका गृहीतावर उभा होता, की दुसऱ्या गिटारचा नेक ठीक आहे. सेट नेक गिटारमध्ये बाकी सगळं बदलता येतं. नेक आणि त्यातला ट्रस रॉड (नेकचा बाक आवरणारी आतली धातूची सळई) बिघडला की दुरुस्तीचा खर्च गिटारच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो. म्हणून हे गृहीत आधी तपासायला हवं होतं.

पहिला निर्णय: भेट आणि सौदा

भेट स्टेशनजवळच्या कॅफेत ठरली. ॲम्प नव्हता, टेबल अरुंद, उजेड पिवळा. खरेदीदाराने बरोबर मोजमापाचं काहीही नेलं नव्हतं. त्याने हेडस्टॉकचा मागचा भाग नीट तपासला, आणि ते उत्तम केलं. मागे कललेला हेडस्टॉक तारांच्या नटच्या (नेकच्या टोकाशी तारा बसतात त्या खाचांच्या पट्टीच्या) मागे मोडतो. मोड चिकटवलेली असेल तर तिथे बारीक रेघ दिसते, नखाला उंचवटा लागतो, किंवा ट्रस रॉडच्या झाकणाभोवती फिनिशचा रंग वेगळा दिसतो. यातलं काहीच नव्हतं. बॉडी आणि नेकच्या सांध्यातही फट नव्हती.

खुंट्या बदललेल्या, जुन्या स्क्रूंची भोकं उघडी, आणि साल जाहिरातीत चुकीचं, या दोन मुद्द्यांवर भाव ९५ वरून ८२ हजारांवर आला. सौदा तिथेच झाला.

न पाहिलेल्या गोष्टी तीन. फ्रेट किती उरलेत ते मोजलं नाही. नेकचा बाक पाहिला नाही. नेककडचा पिकअप मूळचा आहे का, हे विचारलं नाही.

दुरुस्तीवाल्याकडे काय निघालं

मोजणीचे आकडे असे. पहिल्या ते पाचव्या फ्रेटची उंची ०.६ मि.मी., पुढे ०.८५. नव्या मध्यम-जाड फ्रेटची उंची १.२ असते, यावरून झीज किती ते कळेल. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून, शेवटच्या फ्रेटवर तार दाबून सातव्या फ्रेटपाशी फट मोजली तर ०.५ मि.मी. ती ०.२च्या आसपास हवी. ट्रस रॉडचा नट (हा आट्यांचा, तारांचा नव्हे) घट्ट, आटे संपलेले. ब्रिजचे (बॉडीवर तारा टेकतात त्या आधाराचे) दोन्ही खांब हेडस्टॉकच्या दिशेने झुकलेले. ब्रिजकडचा पिकअप मूळचा मॅक्सन, रोध ७.८ किलोओहम. नेककडचा मात्र नंतर कुणीतरी बसवलेला सिरॅमिक चुंबकाचा, रोध १४ किलोओहम. त्यामुळे नेककडचा आवाज गढूळ आणि ब्रिजच्या दुप्पट मोठा.

मॅक्सन हे नाव निश्शिन ओन्पा कंपनीचं. आयबानेझचा हिरवा ट्यूब स्क्रीमर पेडल बनवणारी हीच. तिचे त्या काळातले हंबकर (दोन वेटोळ्यांचे पिकअप) हे या गिटारच्या आवाजाचं निम्मं श्रेय घेतात, म्हणून जोडीतला एक गेलेला असणं ही किरकोळ बाब नव्हती.

दुसरा निर्णय: नेक

प्रकरणातला सगळ्यात कठीण निर्णय हा होता. पंचेचाळीस वर्षं तारांच्या ताणाखाली राहिलेल्या नेकमध्ये रॉडचा नट आणि त्याखालचं वॉशर हळूहळू लाकडात रुतत जातं. नट पुढे सरकत जातो आणि आटे संपतात. अशा वेळी नट जोराने फिरवला की रॉड तुटतो. तुटलेला रॉड बदलायचा तर कडेच्या पट्टीसकट (बाइंडिंग) फिंगरबोर्ड, म्हणजे नेकवरची फ्रेट बसवलेली फळी, उचलावा लागतो, आणि तो खर्च गिटार नवी घेण्याइतका जातो. कॅफेत खरेदीदाराच्या हातात पाना नव्हता, हे एका अर्थाने बरंच झालं. अमेरिकी गिटारसाठीचा ५/१६ इंची पाना या गिटारच्या ७ मि.मी. नटवर सैल बसतो आणि त्याचे कोपरे गोल करतो.

तीन मार्ग होते. पहिला, रॉडच्या नटखाली वॉशर घालून आटे परत मिळवणं. खर्च ६,००० येन, आणि नको असेल तेव्हा मागे घेता येणारं काम. दुसरा, नेक तापवून सरळ करणं. फिंगरबोर्ड आणि नेकमधला सरस मऊ करून नेक शिकंज्यात धरतात. यात बाइंडिंग आकसण्याचा धोका असतो आणि बाक काही महिन्यांत परत येऊ शकतो. तिसरा, फ्रेट काढल्यावर फिंगरबोर्ड रंधून सपाट करणं. यात मूळ लाकूड कायमचं जातं आणि नक्षीचे तुकडे पातळ होतात. कारागिराने पहिला मार्ग सुचवला आणि तो चालला नाही तरच तिसरा.

काम असं झालं. तारा काढल्या, रॉडचा नट पूर्ण सोडवला, आटे पितळी ब्रशने साफ केले. फिंगरबोर्डवर एक सरळ पोलादी पट्टी ठेवून तिच्याखाली पहिल्या आणि पंधराव्या फ्रेटवर ठोकळे दिले, आणि सातव्या फ्रेटपाशी शिकंजा लावून नेक पट्टीकडे ओढला. नेक किंचित उलट बाकात गेला. त्या अवस्थेत रॉडवर दोन वॉशर चढवले, आट्यांना ग्रीस लावलं आणि नट हलक्या हाताने टेकवला. रात्रभर तसंच ठेवलं. या पद्धतीचं मर्म असं की वाकलेला नेक ओढण्याचं काम शिकंजा करतो, रॉडने फक्त तो धरून ठेवायचा. शिकंजा सोडल्यावर नट पाव फेरी फिरवला. नंतर १०-४६ जाडीच्या तारा चढवून चोवीस तासांनी मोजलं तर बाक ०.२ मि.मी. आणि रॉडमध्ये दीड फेरीइतके आटे शिल्लक.

मग फ्रेट. नुसते घासून भागलं असतं का? सगळे फ्रेट सगळ्यात खालच्याच्या पातळीला आणायचे म्हणजे ०.५५ मि.मी.ला. एवढ्या बुटक्या फ्रेटवर तार खेचताना बोट लाकडावर घासतं आणि सूर निसटतो. ब्लूज वाजवणाऱ्याला ते चालणार नाही. पहिले नऊ फ्रेटच बदलणं निम्म्या खर्चात झालं असतं, पण नवे फ्रेट जुन्यांच्या ०.८५पर्यंत घासून आणावे लागले असते, म्हणजे नव्याचा फायदा पहिल्याच दिवशी गेला असता. म्हणून सगळे बावीस बदलायचं ठरलं.

जुने फ्रेट सोल्डरिंग आयर्नने तापवून, सपाट तोंडाच्या पकडीने सावकाश उपटायचे असतात. घाई केली की रोझवूडचे टवके उडतात. फिंगरबोर्डच्या कडेला बाइंडिंग असल्यामुळे प्रत्येक नव्या फ्रेटची खालची जीभ दोन्ही टोकांना सुमारे २ मि.मी. कापून घ्यावी लागते, म्हणजे वरचा भाग बाइंडिंगवर येतो आणि जीभ खाचेतच राहते. बाइंडिंगच्या गिटारला रिफ्रेट (सगळे फ्रेट बदलणं) महाग पडतं ते यामुळे. बावीस फ्रेटना प्रत्येकी ६ सें.मी. धरली तर १.३२ मीटर तार लागते, दोनेक तुकडे वाया जाणार म्हणून दीड मीटरच्या वर घ्यावी. फिंगरबोर्डची गोलाई मापकाने मोजूनच फ्रेट वाकवावेत, ती बारा इंचांची असेलच असं धरून चालू नये. स्टेनलेस स्टीलचे फ्रेट पंधरा हजारांनी महाग होते आणि पुण्याच्या दमट हवेचं कारण देऊन खरेदीदाराला ते हवे होते. निकेल-सिल्व्हरही गंजत नाही, फक्त काळपट होतं आणि कापडाने पुसलं की उजळतं. त्यामुळे जादा खर्च टळला.

फ्रेट ०.६ वरून १.२ झाले की तारांच्या जुन्या नटच्या खाचा खोल पडतात आणि मोकळ्या तारा पहिल्या फ्रेटवर खडखडतात. म्हणून हाडाचा नवा नट ओघाने आलाच. रिफ्रेटचा भाव विचारताना नट धरून की नट सोडून, हे आधी स्पष्ट करून घ्यावं. इथे दोन्ही मिळून ५२,००० येन झाले.

ब्रिजचे खांब

फ्रेट उंच झाले तसा ब्रिजही वर न्यावा लागला. झुकलेले खांब जितके वर, तितका झोक जास्त, आणि भोक मोठं होत जातं. शिवाय ब्रिज पुढे सरकल्यामुळे सहाव्या तारेचा सॅडल (ब्रिजवरचा सरकता टेकू) मागे टेकला होता आणि तरी बाराव्या फ्रेटवर सूर चढा येत होता. जाड बुश (खांब धरणारी धातूची नळी) आणि खांब बसवणं सोपं होतं, पण त्यासाठी वरच्या मेपलमध्ये ११ मि.मी.ची भोकं पाडावी लागतात आणि ती परत बुजत नाहीत. त्याऐवजी जुनी भोकं ८ मि.मी. मेपलच्या खुंटीने बुजवली आणि स्टँड ड्रिलने काटकोनात ३.५ मि.मी.ची नवी पाडून मूळचे एम४ खांब परत बसवले. अमेरिकी ब्रिजचे खांब यापेक्षा बारीक असतात. ते या भोकात डुगडुगतात, म्हणून ऑनलाइन ‘व्हिंटेज ब्रिज’ मागवताना मेट्रिक की इंची हे पाहावं.

तिसरा निर्णय: पिकअप

दोन्ही पिकअप काढून नवी अमेरिकी जोडी घालायचा मोह खरेदीदाराला झाला. तसं झालं असतं तर पोटेन्शिओमीटरही (नॉबखालचा, आवाज कमी-जास्त करणारा भाग, थोडक्यात ‘पॉट’) अमेरिकी घ्यायचा बेत होता, आणि तिथे खरं नुकसान झालं असतं. जपानी पॉटची मान बारीक असते, अमेरिकी पॉटसाठी बॉडीतली भोकं साडेनऊ मि.मी.पर्यंत मोठी करावी लागतात. दांड्याच्या दात्यांची संख्याही वेगळी, जपानी अठरा, अमेरिकी चोवीस, म्हणजे मूळचे नॉबही गेले असते. शेवटी पॉट मूळचेच ठेवले. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून दांडा वीस-पंचवीस वेळा फिरवला की खरखर गेली. जॅक आणि टोनचा कपॅसिटर तेवढा बदलला, जुना कपॅसिटर पिशवीत घालून केसमध्ये ठेवला.

नेकसाठी त्याच काळातला एक सुटा मॅक्सन १५,००० येनांत मिळाला. बसवला, दोन्ही बाजूंनी छान वाजला, आणि मधल्या स्थितीत आवाज पत्र्यासारखा बारीक झाला. दोन पिकअप एकमेकांच्या विरुद्ध फेजमध्ये होते, म्हणजे एकाचा सिग्नल दुसऱ्याचा खोडत होता. वेगवेगळ्या वेळी बनलेले सुटे पिकअप जोडताना हे वारंवार होतं. तपासायची सोपी रीत अशी: मल्टिमीटर रोधावर लावा, पिकअपवर स्क्रूड्रायव्हर टेकवा आणि आकडा वर सरकतो की खाली ते पाहा. दोन्ही पिकअपना तो एकाच दिशेने सरकायला हवा.

चार तारांचा आधुनिक पिकअप असता तर दोन तारांची अदलाबदल पुरली असती. जुन्या पिकअपच्या केबलला बाहेरून विणलेली जाळी असते आणि तीच अर्थिंगला आणि तळाच्या पत्र्याला जोडलेली असते. तारा उलटवल्या तर पत्रा आणि कव्हर सिग्नलला जोडलं जातं आणि हात लागला की गुणगुण येते. म्हणून चुंबक उलटवला. तळाचे चार स्क्रू सैल केले, दोन वेटोळ्यांच्या मधली चुंबकाची पट्टी बाजूने सरकवून बाहेर काढली, लांबीच्या अक्षावर अर्धी फेरी फिरवून परत घातली. होकायंत्राने ध्रुव बदलल्याची खात्री केली. दहा मिनिटांचं काम, पण वेटोळ्याची केसाहून बारीक तार तुटली तर पिकअप गेला, त्यामुळे सरावाचा हात हवा.

निष्पत्ती

दुरुस्तीला सात आठवडे लागले. खर्च येनांत:

गिटार ८२,०००
ट्रस रॉड ६,०००
रिफ्रेट आणि हाडाचा नट ५२,०००
ब्रिजचे खांब ८,०००
पिकअप १५,०००
जॅक, कपॅसिटर, तारा २,५००
एकूण १,६५,५००

बजेटपेक्षा साडेपंधरा हजार जास्त, दुकानातल्या गिटारपेक्षा साडेसतरा हजार जास्त. या गिटारला नवे फ्रेट मिळाले, दुकानातलीला ते आणखी काही वर्षांनी लागले असते. त्याचे पंधरा-वीस हजार वजा केले तर दोन्ही गिटार एकाच भावात पडल्या असं म्हणता येईल. पण हा हिशेब जमला तो रॉडने साथ दिली म्हणून. वॉशरने काम झालं नसतं, तर याच गिटारवर आणखी तेवढाच खर्च आला असता. दुकानातल्या गिटारच्या भावात ही जोखीम नव्हती.

वाद्य म्हणून गिटार उत्तम निघाली. वजन ४.१ किलो, सूर दीर्घकाळ टिकतो, दोन्ही मॅक्सन एकत्र वाजवले तर आवाज मोकळा आणि घंटेसारखा स्वच्छ. यात समाधान मानण्यासारखं बरंच आहे.

पुण्याला नेताना कुरिअरचा विचार केला होता. वापरलेल्या वस्तूंच्या आयातीवर भारताच्या परदेश व्यापार धोरणात निर्बंध आहेत, म्हणून गिटार स्वतःच्या सामानात, हार्ड केसमध्ये, पावती आणि दुरुस्तीची बिलं बरोबर ठेवून आणली. तारा एक स्वर उतरवल्या, पूर्ण सैल केल्या नाहीत, आणि हेडस्टॉक केसमध्ये अधांतरी राहू नये म्हणून खाली-वर कापड भरलं. फिंगरबोर्ड रोझवूडचा. डाल्बर्गिया वर्गाच्या सगळ्या लाकडांवर २ जानेवारी २०१७ पासून साइट्स (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय) करारात नियंत्रण आलं, आणि २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझिलियन रोझवूडला ही सूट नाही. जपानी जाहिरातींत भाव वाढवायला ‘हाकारांदा’ असा उल्लेख करतात, तो याच लाकडाचा. पावतीवर तो शब्द असेल तर सीमेवर प्रश्न उभा राहतो, म्हणून खात्री नसताना तो लिहून घेऊ नये.

टोकियोच्या कोरड्या हिवाळ्यात सेट केलेला नेक पुण्याच्या जुलैत हलणार हे धरलेलंच होतं. पोचल्यावर दोन आठवडे गिटार खोलीच्या हवेत रुळू दिली, मग मोजलं तर बाक ०.३२ मि.मी. झाला होता. रॉडचा नट अष्टमांश फेरी फिरवला, दुसऱ्या दिवशी ०.२. आटे परत मिळवलेले नसते तर इथे काहीच करता आलं नसतं.

काय वेगळं करता आलं असतं

भेट कॅफेत ठेवायला नको होती. तासाला हजार-दीड हजार येन भाड्याचा सराव स्टुडिओ घेतला असता तर ॲम्प, उजेड आणि टेबल तिन्ही मिळालं असतं, आणि नेककडचा पिकअप परका आहे हे पहिल्या मिनिटात कळलं असतं. बरोबर पोलादी पट्टी, ०.२ ते ०.५ मि.मी.चे फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), कॅपो आणि एक विजेरी, एवढं पुरलं असतं.

ट्रस रॉडचं झाकण काढून आत पाहण्याची परवानगी मागायला हवी होती. नट फिरवायचा नाही, रॉडचं टोक नटच्या बाहेर किती आलंय ते फक्त पाहायचं. टोक बरंच बाहेर आणि नेकला बाक कायम, ही जोडी दिसली की समजावं, रॉडकडे देण्यासारखं फार उरलेलं नाही. विक्रेता झाकण काढू देत नसेल तर किमतीत रॉडची जोखीम धरूनच बोली लावावी.

किंमत कशी ठरवायची, तेही इथे उलट्या क्रमाने झालं. विक्रेत्याच्या ९५ हजारांतून किती कमी होतील हे पाहिलं गेलं. दुकानातल्या गिटारचा भाव वरची मर्यादा धरायला हवा होता. त्यातून दुरुस्तीचे ८३,५०० वजा केले की ६४,५०० उरतात, नव्या फ्रेटचं मोल परत मिळवलं तर ऐंशीच्या आसपास, आणि रॉडच्या जोखमीचे दहा-पंधरा हजार कमी केले तर पासष्ट ते सत्तर. मोजमापं कागदावर दाखवली असती तर या भावाला विक्रेता कदाचित तयार झाला असता. नसता झाला, तर दुकानातली गिटार त्या आठवड्याअखेरपर्यंत तिथेच होती.

पिकअपची खरेदी मात्र थांबवता आली असती. १४ किलोओहमचा सिरॅमिक पिकअप खाली उतरवून, ब्रिजकडचा थोडा वर घेऊन समतोल बराचसा साधता आला असता, आणि जुना मॅक्सन सावकाश शोधता आला असता, शक्यतो फेज तपासून देणाऱ्याकडून. नेक आणि ब्रिज यांना असं थांबवणं परवडत नाही. ती कामं झाल्याशिवाय गिटारला कोणता पिकअप शोभेल, हे ऐकूही येत नाही.